‘म्या’चं ‘मी’ कशाला केलंस?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या गाऊन इन्स्टावर टाकायचे. दीड वर्षात सहा हजार फॉलोअर्स झाले. मग दिवाळीत एका ट्रेंडिंग गाण्यावर नाचले. ते रील चार लाखांवर गेलं आणि फॉलोअर्स ३८ हजार झाले. आता ओवी टाकली की कुणी बघत नाही. वर ‘किती गावठी’ अशा कमेंट येतात, म्हणून ओवीतल्या ‘म्या’चं मी ‘मी’ करून टाकलं. पैसे लावून खेळायच्या एका ॲपच्या जाहिरातीसाठी ४० हजार देतो म्हणतायत. आईबाबांचं म्हणणं, हे सगळं बंद कर आणि एमपीएससीचा क्लास लाव. मला नाव कमवायचंय, पण हल्ली स्वतःचंच रील बघताना ही मी नव्हेच असं वाटतं.

उत्तर : आधी ते ४० हजार. आजच्या आज नाही म्हणून कळव. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. उद्या साडीवाल्याची, मसालेवाल्याची जाहिरात आली तर जरूर कर, फक्त पैसे घेऊन केलीय हे रीलमध्येच स्पष्ट लिही. तसा नियमच आहे.

तू नाचलीस याचं मला काही वाटलं नाही. या वयात नाही नाचायचं तर कधी? मला खटकलं ते ‘म्या’चं ‘मी’ झालेलं. पत्रात तू ते एका वाक्यात उरकलंयस, पण ‘ही मी नव्हेच’ची सुरुवात मला तिथेच दिसते.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातली गावंच्या गावं पालथी घालून बायकांच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त! त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावागावासकट. एक रात्र बसून ऐक. ज्याला तुझ्या कमेंटवाले गावठी म्हणतात, ते तिथे जपून ठेवलंय. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, यूट्यूबवर आपल्या बोलीतच पाककृती सांगतात आणि लोक त्यासाठीच येतात.

ओवी चालत नाही याचं कारण बहुतेक साधं आहे. नवे ३२ हजार लोक नाच बघायला आले. त्यांच्यासमोर ओवी आली की ते अंगठ्याने वर ढकलतात आणि ॲप समजतं, हे कुणाला नकोय. नाचासाठी वेगळं खातं उघड. जुन्या खात्यावर फक्त ओवी. आकडा घसरेल, काही महिने जीव खालीवर होईल. होऊ दे. सोबत यूट्यूबवर मोठे व्हिडिओ टाक: ओवी, तिचा अर्थ, आजी ती कधी म्हणायची. तिथे जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तास पाहणं लागतं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपल्याला मिळतात. यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही.

म्हणून आईबाबांचं अर्धं ऐक. डिग्री सोडायची नाही. एमपीएससी म्हणजे खात्रीची नोकरी, हा मात्र आपल्याकडचा लाडका गैरसमज. मन नसताना त्यात चार वर्षं घालवलेली मुलं माझ्यासमोर रोज बसतात. बी.ए.नंतर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. दोन्हींची माहिती काढ आणि बाबांना सोबत घेऊन एकदा बघून ये.

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, त्या आठवड्यात मला एका मुलाचा फोन आला होता. कॉलेज सोडलेलं, लाखोंचे फॉलोअर्स एका रात्रीत गेलेले. मी विचारलं, “तुला येतं काय?” बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “मॅडम, एडिटिंग बरं जमतं.” आज लग्नाचे व्हिडिओ एडिट करून त्याचं नीट चाललंय. हाच प्रश्न तुला विचारला तर तुला गप्प बसावं लागणार नाही.

या रविवारी रील नको. फोन आजीजवळ ठेव, रेकॉर्डर चालू कर आणि तिला येतात तेवढ्या ओव्या म्हणू दे. कुणाकडून शिकली, कोणत्या गावात, तेही विचार. ती ‘म्या’ म्हणाली तर मध्ये बोलू नकोस.