विचारा बिनधास्त: इटलीत आजोबांच्या भावाचं नाव कुठे सापडेल?

प्रश्न: नमस्कार ताई. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले ते परत आलेच नाहीत. घरात एक पदक आहे आणि एक पिवळं पडलेलं पत्र, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी रोम-फ्लॉरेन्स करतोय, टूरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला असलं काही आमच्या पॅकेजमध्ये नसतं. कबर कुठे शोधायची? — एक वाचक, माणगाव

दादा, टूरवाल्याला सोडा, त्याला पिसाचा मनोरा दाखवायचाय. तुम्ही तिकीट काढायच्या आधी एक काम करा, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर नाव शोधा, फुकट आहे. आणि एकदा टाकलं, नाही आलं म्हणून सोडून देऊ नका, कारण इंग्रज कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय. जाधवचा जादव होतो, पवारचा पोवार, कधी आडनाव गायब आणि नुसतं पहिलं नाव. पलटणीचं नावही तेव्हाच्या स्पेलिंगने, ‘Mahratta Light Infantry’ असं शोधा, ‘मराठा’मध्ये मधे एक जास्तीचा ‘एच’ आहे. जिल्हाही जुना बघा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असं सगळं असतं, पण तिथे रायगड सापडणार नाही, कुलाबा सापडेल, आणि सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरीत शोधायचं. पदकाच्या कडेला किंवा पत्रावर नंबर असेल तर तो सगळ्यात भरवशाचा, तो घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका.

आता कबरीचं. तुमची निराशा होऊ नये म्हणून आधीच सांगते, कबर असेलच असं नाही. हिंदू जवानांचं बहुतेक वेळा दहन व्हायचं, त्यांची नावं क्रिमेशन मेमोरियलवर आहेत, इटलीत सांग्रो नदीजवळ, अरेझ्झोला, फोर्लीला अशी स्मारकं आहेत. ज्यांचा देहच मिळाला नाही त्यांची नावं कासिनो गावातल्या युद्धस्मारकावर. म्हणजे माणूस पडला एकीकडे आणि नाव दुसरीकडे, हे लक्षात न घेता लोक नकाशा घेऊन भलत्याच गावात फिरत बसतात.

तुमच्याच तालुक्याचं उदाहरण घ्या की. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालेले. १० जुलै १९४४, वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशिनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे मेले नाहीतर जखमी झाले, तर हा बावीस वर्षांचा पोरगा एकटाच धावत गेला, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच पडला. हे सगळं रोमच्या उत्तरेला. देह मिळाला नाही, म्हणून नाव कोरलंय कासिनोला, रोमच्या दक्षिणेला! तिकडे उत्तरेत मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलंय, तेव्हा पेरुजाच्या बाजूला जाणार असाल तर वाट वाकडी करा.

कासिनो मात्र सोपं आहे. रोमच्या टर्मिनी स्टेशनवरून लोकल ट्रेन मिळते, दोन तासांच्या आत-बाहेर, एका दिवसात जाऊन येता येतं. सेमेटरी गावालगतच आहे, चार हजारांहून जास्त कबरी, आणि मधे पाण्याचा हौद, त्याच्या बाजूंना हिरव्या संगमरवराच्या उंच शिळांवर बेपत्ता जवानांची नावं. वेबसाइटवर नावापुढे पॅनेल नंबर दिलेला असतो तो लिहून न्या, नाहीतर उन्हात माना वर करून वाचत बसाल. वर डोंगरावर मोंते कासिनोचा ख्रिस्ती मठ दिसतो, १५ फेब्रुवारी १९४४ला दोस्त राष्ट्रांनी बॉम्ब टाकून पार जमीनदोस्त केलेला, आत्ताचा आहे तो नंतर बांधलेला. वर जायला वेळ ठेवा, पोलिश सैनिकांची दफनभूमी तिथेच आहे, १८ मे १९४४ला मठाच्या अवशेषांवर झेंडा त्यांनीच लावला होता.

प्रश्न: अशा ठिकाणी फोटो काढले, हार घातला तर चालतं का? मुलं लहान आहेत. — एक वाचक, ठाणे

चालतं हो. फुलं ठेवा, हार ठेवा, फोटो काढा, फक्त कबरीच्या दगडाला टेकून दात काढून सेल्फी नको, एवढं तर आपल्याला कळतंच. दगडावर कुंकू, तेल लावू नका, डाग जात नाहीत. गेटजवळ एका कोनाड्यात व्हिजिटर्स बुक असतं, त्यात मराठीत लिहा, बिनधास्त. मुलांना एक खेळ द्या, ‘ॐ भगवते नमः’ असं देवनागरीत कोरलेला दगड कोण आधी शोधतो. आणि त्यांना हेही दाखवा की कर्नल असो की शिपाई, दगड सारख्याच मापाचा.

प्रश्न: आमचे खापरपणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईत’ गेले असं म्हणतात. बसऱ्याला जाता येईल का? — एक वाचक, सातारा

इच्छा समजते, पण घाई नको. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या पलटणी भरपूर होत्या, कूतच्या वेढ्यातच १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ला तुर्कांपुढे शरणागती झाली आणि नंतर कैदेत हाल हाल होऊन माणसं मेली. बसऱ्याचं स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेलंय. आणि गंमत, खरं तर संतापच, अशी की तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि आपल्या साध्या शिपायांची नाहीत, ती फक्त रजिस्टरात! हा भेदभाव झाला हे कमिशनने २०२१च्या अहवालात कबूल केलंय.

तेव्हा इराकचा खर्च आणि धोका दोन्ही बाजूला ठेवा, आधी वेबसाइटवर नाव बघा. आणि गावच्या चावडीत किंवा देवळात एकदा भिंत नीट बघून या. महाराष्ट्रात खूप गावांत संगमरवराची छोटी पाटी असते, या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, इतके मेले, अशी. बऱ्याचदा तिच्यावर चुना फासलेला असतो किंवा पुढे कपाट ठेवलेलं असतं, कोणी वाचत नाही. पाटीवर नाव नसतं, नुसता आकडा, पण त्या आकड्यावरून निदान गावातून किती जण गेले ते तरी कळतं, मग जुन्या घरांत विचारायला सुरुवात करा.