राउटर बदलला की गाणं गोड होतं का?

प्रश्न : राम राम भाऊ. मी जळगावचा, रिटायर्ड माणूस, घर दुमजली आहे. खाली हॉलमधे टीव्हीच्या मागे शोकेसमधे फायबरवाल्या पोराने राउटर बसवून दिला आणि माझी गाण्याची खोली वरती, मागच्या अंगाला, तिथे अॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर आणि वायफायवर चालणारा स्ट्रीमर, म्हणजे नेटवरून गाणं घेऊन वाजवणारी डबी. शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे तरी रात्री आठनंतर गाणं मधेच थांबून राहतं, आणि चालू असतं तेव्हा पण आवाज पातळ वाटतो, सीडीसारखा भरीव नाही. एक ऑडिओवाला म्हणे साधा राउटर आवाज खराब करतो, खास ऑडिओचा राउटर, त्याला वेगळा पॉवर सप्लाय आणि खास लॅन केबल घ्या, सगळं मिळून साठ हजाराच्या घरात. मुलगा म्हणतो पप्पा वेडे झाले का. कोणाचं ऐकू?

उत्तर : काका, या वेळी मुलाचं ऐका, आणि साठ हजार बँकेतच राहू द्या.

गाणं राउटरमधून आवाज म्हणून जातच नाही, आकडे म्हणून जातं, छोटे छोटे तुकडे करून, आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या तपासणीचा आकडा असतो. तुकडा रस्त्यात बिघडला किंवा हरवला तर तो फेकला जातो आणि परत मागवला जातो, मग स्ट्रीमर ते सगळं आधी स्वतःच्या मेमरीत काही सेकंदांचं साठवतो आणि स्वतःच्या घड्याळाने वाजवतो. साखर टेम्पोत आली काय न् हातगाडीवर आली काय, गोडी तीच. म्हणून राउटर बेस कमी करू शकत नाही, गायकाचा गळा पातळ करू शकत नाही. तो दोनच प्रकारे त्रास देतो, एक म्हणजे तुकडे उशिरा पोचवतो मग गाणं थांबतं, आणि दुसरं, नेट हळू दिसलं की ॲप स्वतःच हलक्या क्वालिटीचं गाणं पाठवायला लागतं, तेही तुम्हाला न सांगता. तुमचं 'पातळ' हे दुसऱ्यातलं असू शकतं.

खात्री करायची तर पैसे लागत नाहीत. त्याच गाण्याची चांगली फाइल पेनड्राइव्हवर घ्या, सीडी घरात असेल तर तिच्यावरूनच काढा, बहुतेक स्ट्रीमरला यूएसबी असतं त्यात लावा आणि वायफाय बंद करून ऐका. तरी पातळच वाटलं तर राउटर बिचारा निर्दोष, मग स्पीकर भिंतीपासून किती लांब आहेत, खोली मोकळी फरशीची आहे का, पडदा गादी सतरंजी काही आहे का तिकडे बघायचं. पेनड्राइव्हवर भरीव वाजलं तर मात्र ॲपच्या सेटिंगमधे जा. तिथे वायफायसाठी वेगळी क्वालिटी असते, मोबाइल डेटासाठी वेगळी, डाउनलोडसाठी वेगळी, आणि बऱ्याच वेळा तिन्ही ठिकाणी 'ऑटो' असतं, ते काढून सगळ्यात वरचा पर्याय घ्या. आणि दोन्हींची तुलना करताना आवाज सारखा ठेवा बरं का, कारण जे जरासं मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, दुकानातला डेमो बराचसा यावरच चालतो.

आता स्पीडचं बघू. चांगल्या क्वालिटीचं साधं स्ट्रीमिंग ३२० केबीपीएस (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), सीडीचा मूळ हिशोब १४११ केबीपीएस, आणि लॉसलेस म्हणजे काहीही न गाळता दाबून पाठवलं तर साधारण एक एमबीपीएसच्या आतबाहेर. २४ बिट १९२ किलोहर्ट्झवालं सगळ्यात जड गाणं न दाबता धरलं तरी सव्वानऊ एमबीपीएस. तुमचा प्लॅन शंभरचा. म्हणजे रस्ता मोठा आहे, अडचण बहुतेक घरातल्या शेवटच्या तीस-चाळीस फुटांत आहे.

शोकेसमधे, टीव्हीच्या मागे, हे राउटरसाठी घरातलं सगळ्यात वाईट ठिकाण. टीव्हीची पाठ धातूची, वर सळयांचा स्लॅब, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे कूलर. लोखंडी बॉडीचा, पाण्याने भरलेला कूलर राउटर आणि स्ट्रीमरच्या मधे उभा असला तर पत्रा सिग्नल परतवतो आणि पाणी उरलेला खातं. मे महिन्यात अडकणारं गाणं दिवाळीत सुरळीत चालतं त्यामागे कधी कधी एवढंच असतं, लोक उगाच कंपनीला शिव्या देतात. राउटर तिथून काढून जिन्याच्या भिंतीवर सहा-सात फूट उंच लावा, जिन्याची मोकळी जागा सिग्नलला वर जायचा आयता रस्ता आहे.

रात्री आठला सगळी गल्ली घरी येते आणि सगळ्यांचे राउटर एकाच चॅनलवर, म्हणजे सिग्नलच्या एकाच लेनवर, गर्दी करतात. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झमधे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. फोनवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकून कोणत्यावर गर्दी कमी ते बघा आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर तो चॅनल पक्का करा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. पानाचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला असतो, बदल करायच्या आधी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा म्हणजे बिघडलं तर परत येता येतं. वरती ५ गिगाहर्ट्झ पोचत असेल तर तेच वापरा, तिथे गर्दी कमी, पण तो भिंतीला लवकर हरतो. त्याचा चॅनल ३६ ते ४८ मधला ठेवा, पुढच्या काही चॅनलवर रडारची चाहूल लागली की राउटरला नियमाने जागा सोडावी लागते आणि गाणं तेवढं तुटतं.

पण खरं सांगू का, हे सगळं करण्यापेक्षा एक साधी कॅट सिक्स लॅन केबल जिन्यातून वर न्या आणि स्ट्रीमरला खोचा. शंभर मीटरपर्यंत ती आरामात चालते आणि काहीशे रुपयांत काम होतं, फक्त लाइटच्या वायरींना चिकटवून एकाच पाइपातून ओढू नका. केबल शक्यच नसेल तर मेश घ्या, म्हणजे घरात दोन-तीन ठिकाणी ठेवायच्या, मिळून एकच वायफाय देणाऱ्या डब्या. स्वस्तातला रिपीटर, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे ढकलणारी डबी, स्पीड निम्म्यावर आणतो म्हणून लोक नाकं मुरडतात, पण एक एमबीपीएसच्या गाण्याला निम्मं म्हणजे पण चिक्कार झालं.

आणि केबलवर पण आठलाच अडकलं तर लॅपटॉप थेट राउटरला लावून त्याच वेळेला स्पीड मोजा. तिथेच पडलेला दिसला तर फायबरवाल्याला ते आकडे दाखवा. स्पीड ठीक दिसला तर घरातले फोन बघा, रात्री फोटोंचा बॅकअप सुरू झाला की अपलोडची वाट तुंबते आणि डाउनलोड पण त्याच्यामागे खोळंबतं. बॅकअपची वेळ पहाटेची करून टाका.

प्रश्न : धुळ्याहून लिहितोय. भाऊ, मी लॅन केबल लावली, गाणं थांबणं बंद झालं, पण आता अॅम्प्लिफायरमधून सारखी घुंऽऽ अशी घरघर येते, गाणं बंद असलं तरी. मग केबलने आवाज खराब होतो हे खरंच आहे ना?

उत्तर : घरघर खरी आहे, पण ती गाण्यात नाही, विजेत आहे. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची, दोन वस्तूंचं अर्थिंग वेगवेगळ्या रस्त्याने जमिनीत जात असेल तर त्यांच्यामधे बारीक करंट फिरतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. गाणं चालू असताना लॅन केबल ओढून काढा, मेमरीत साठलेलं गाणं थोडा वेळ तसंच वाजत राहील, तेवढ्यात घरघर गेली का ते ऐका. गेली तर करंट केबलवरून येतोय, बहुतेक ती धातूच्या जाळीची शील्डेड केबल असेल, साधी प्लास्टिकच्या टोकाची लावा, लॅनच्या पोर्टमधे आत बारीक ट्रान्सफॉर्मर असतात आणि साध्या केबलमधून करंटला थेट रस्ताच उरत नाही. नाही गेली तर सेटटॉप बॉक्सची गच्चीवरून आलेली जाड काळी केबल काढून बघा, बरेचदा चोर तीच निघते. मग टीव्हीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल टाका, तिच्यातून उजेड जातो, वीज जातच नाही.

एक काम मात्र अजिबात करू नका, घरघर घालवायला तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका, लोक सर्रास करतात आणि मग अॅम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या. अर्थिंगचा खड्डा कधी बघितला होता शेवटचा? आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा झाला की अर्थिंग नावालाच राहतं. त्यात पाणी सोडा आणि वायरमनला न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट मोजायला लावा, दोन-तीनच्या आत पाहिजेत.

प्रश्न : दादा, आमचं घर यावलकडे केळीच्या मळ्यात आहे, फायबर येत नाही, सिमवाला राउटर आहे. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावलं की तुटतं. नवीन राउटर घेऊ का?

उत्तर : ताई, आधी फोन स्पीकरच्या अगदी जवळ ठेवून डाउनलोड केलेलं गाणं लावा. तेही तुटलं तर इंटरनेटचा संबंधच नाही, ब्लूटूथ अडकतंय. ब्लूटूथ पण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, राउटर आणि स्पीकर एकाच टेबलावर असतील तर दोघं एकमेकांच्या आड येतात, लांब करा आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडा. फक्त ऑनलाइन तुटत असेल तर राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत उंचावर ठेवा, पत्र्याच्या शेडखाली नको. उंच वाढलेली केळी पण सिग्नल अडवते, पानंखोड सगळं पाण्यानेच भरलेलं. आणि रात्री उशिरा टॉवर मोकळा असतो तेव्हा हवी ती गाणी डाउनलोड करून ठेवा, मळ्यात याच्याइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही. आणखी एक, लॉसलेसचे जास्तीचे पैसे भरू नका, साधं ब्लूटूथ गाणं परत गाळून, दाबूनच पाठवतं, तुमच्या स्पीकरपर्यंत ते पोचणारच नाही.

प्रश्न : भुसावळ. लाइट गेली की इन्व्हर्टर लगेच घेतो, पण राउटर तेवढ्यात बंद होऊन परत चालू होतो आणि गाणं पाच-पाच मिनिटं येत नाही. शिवाय इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायर गुणगुणतो.

उत्तर : राउटरचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो लावा. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर बघा, बहुतेक १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, अँपिअर तेवढे किंवा जास्त पाहिजेत, कमी नकोत. फायबरची डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांना लागेल, एकालाच लावून उपयोग नाही. गुणगुण बहुतेक स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची आहे, त्याच्या विजेची लाट चौकोनी असते, त्याला राउटरमधे इलाज नाही, पुढच्या वेळी बदलाल तेव्हा घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लाट देणारा प्युअर साइन वेव्ह घ्या, तोवर लाइट गेली की हेडफोन लावा.