फर्लोवर येताय? तिथल्या मंडळीचे पैसे आपल्या खात्यात घेऊ नका

सलाम ताई,

तुम्ही लिहिलंय की केनियातून डिसेंबरात वर्षभराच्या फर्लोवर (म्हणजे मिशनरी कामातल्या लांब रजेवर) मिरजेला येताय, मुलगी पाचवीत आहे, आणि तिथली मंडळी, म्हणजे तिथल्या चर्चचे लोक, तुमच्या गावच्या चर्चसाठी पैसे गोळा करणार आहे. ते तुमच्या यजमानांच्या खात्यावर घेतले तर चालतील का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. नाही चालत.

तिकीट, सामान, घर भाड्याने घेणं यात मी शिरत नाही, ते तुम्हाला कळतंच.

आम्ही 2019 च्या जूनमध्ये केनियातल्या किसुमूकडून आलो. मी तिकडे बायबल शाळेत शिकवायचो, आमच्या मंडळी (घरच्या, चर्चच्या नव्हे) दवाखान्यात नर्स. ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. सांगलीच्या आयर्विन पुलाला 45 फूट म्हणजे धोका, त्या वेळी पाणी 57 च्या वर गेलं. नदीकाठच्या आमच्या छोट्या चर्चची बाकं गेली, वाजवायची पेटी फुगून उकलली. मी दोन फोटो तिकडच्या पाळकांना (पास्टरना) पाठवले, बाकी काही मागितलं नव्हतं. पण त्यांनी पुढच्याच रविवारी हरांबे ठेवलं. तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगतो: सगळ्यांनी मिळून वर्गणी काढायची. कोणी रोख देतं, कोणी कोंबडी, कोणी अंडी, आणि आपल्याकडे हंगामाच्या सणाला भोपळ्याचा लिलाव होतो तसा तिथे कोंबडीचा होतो. आपल्या पैशात 1,12,000 रुपये जमले. खाते नंबर मागितला, मी माझ्या जुन्या बचत खात्याचा दिला.

इथे दोन चुका एकदम झाल्या. परदेशी नोकरीला गेल्यावर ते साधं खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यायचं असतं, मी चार वर्षं तसंच ठेवलेलं. आणि पैसे आल्यावर शाखेने कशासाठी म्हणून फॉर्म दिला, त्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘चर्च दुरुस्तीसाठी परदेशी मंडळीची देणगी’. खातं सात महिने गोठलं. माझे स्वतःचे साठवलेले पैसेही त्यातच अडकले, मुलाची फी भावाने भरली.

शाखेचं नाव घेत नाही. पण त्या सात महिन्यांत एकाही माणसाने मला बसवून सरळ सांगितलं नाही की बाबा, हे पैसे तुला घेताच येत नाहीत, परत पाठवायचा अर्ज दे. एक म्हणाला पासपोर्ट आणा, दुसरा म्हणाला चर्चचं लेटरहेड आणा, तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं, ‘साहेब जेवायला गेलेत’. एकदा मी म्हटलं, आम्ही फर्लोवर आहोत, लवकर करा. समोरच्या बाईंनी मान वर केली आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘कुठल्या जेलला होता?’ त्यांचंही बरोबर आहे, पेपरात फर्लो फक्त कैद्यांनाच मिळते. आमच्या आजीच्या तोंडी तो शब्द मिरजेच्या वानलेस दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरांसाठी असायचा, ‘साहेब फर्लोला विलायतेला गेले’.

शेवटी साताऱ्याच्या एका ओळखीच्या सीएने दहा मिनिटांत समजावलं. धार्मिक किंवा सामाजिक कामासाठी परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली गृह मंत्रालयाची नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते, मग घेणारी व्यक्ती असो की संस्था. हेतू कितीही चांगला असला तरी. पैसे परत गेले, चार्जेस कापून. ज्या म्हातारीने अंडी दिली होती तिला हे काय आणि कसं सांगायचं, ते मला आजही सुचलेलं नाही.

कोणी म्हणेल, नोंदणी असलेल्या ट्रस्टमार्फत घ्या, ते पुढे तुमच्या चर्चला देतील. 2020 च्या दुरुस्तीनंतर तसं पुढे देता येत नाही, आणि त्यांचं परदेशी देणगी घ्यायचं खातंही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच लागतं. ट्रस्टने स्वतः काम करून घेतलं तर गोष्ट वेगळी. तुम्ही दोघे भारतीय पासपोर्टवाले असाल तर परदेशात साठवलेल्या स्वतःच्या पगारातून, बँकेमार्फत दिलेलं दान परदेशी देणगीत धरत नाहीत. आम्ही चर्चच्या छपराचे पत्रे नंतर तसेच घातले. मात्र मंडळीचे पैसे ‘आमचेच’ म्हणून दाखवायची आयडिया कोणी दिली तर कानावर हात ठेवा. मी वकील नाही, सीए नाही, नियम बदलतात. आपला सीए गाठा, तोही येण्याआधी.

शाळेचं: तिकडे वर्ष जानेवारीत सुरू, इकडे जूनमध्ये, म्हणजे मुलगी मध्येच येणार. आठवीपर्यंत वयानुसार वर्ग द्यावा लागतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला नाही म्हणता येत नाही. तरी तिथल्या शाळेचा सही-शिक्क्याचा कागद आणाच.

आणि विचारलं नाहीत तरी सांगतो. पहिला महिना एकाही चर्चचं बोलावणं घेऊ नका. आम्ही वर्षात एकतीस चर्च केली, जतपासून कराडपर्यंत. सगळ्यांना स्लाइडवर सिंह बघायचा असतो आणि पोरांकडून स्वाहिलीत ‘काहीतरी बोल बाळा’ हवं असतं. आमचा धाकटा शेवटी वेदीसमोर उभा राहून रडला. रागावले तर रागावू देत.

यलो फीवरची कार्डं हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको. टोचल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं, नाहीतर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. आणि तिथल्या पाळकांना आजच लिहा, हरांबेची तारीख ठरायच्या आत.