फ्रेझर आणि नॉर्टन: न लागलेली जोड

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. सत्तरच्या दशकातले हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझर आणि केन नॉर्टन भिडले असते तर कोण जिंकलं असतं? बंदीआधीचा (सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये रिंगबाहेर बसावं लागण्याआधीचा) मुहम्मद अली १९७३च्या जॉर्ज फोरमनपुढे टिकला असता का? आणि फोरमन विरुद्ध अर्नी शेव्हर्स कशी झाली असती? सोबत एक हिशेबही मांडला आहे: फोरमनने फ्रेझरला दुसऱ्या राऊंडमध्ये संपवलं, नॉर्टनलाही दुसऱ्याच राऊंडमध्ये संपवलं, म्हणजे हे दोघे साधारण एकाच तोलाचे. आधी या हिशेबाबद्दल बोलतो, कारण माझ्या मते घोळ तिथेच होतो.

३१ मार्च १९७३ रोजी सॅन दिएगोत नॉर्टनने अलीला हरवलं, त्याचा जबडा मोडला. वर्षभराने, २६ मार्च १९७४ ला, काराकासमध्ये फोरमनने नॉर्टनला दुसऱ्या राऊंडमध्ये झोपवलं. त्यानंतर सात महिन्यांनी किन्शासात अलीने फोरमनला आठव्या राऊंडमध्ये पाडलं. हे वर्तुळ तुमच्या हिशेबात कुठेच बसत नाही. तालमीत घडलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ज्याचा ढाक हा डाव सगळ्या जिल्ह्यात गाजतो, त्याला एखादा बुटका, खाली वाकून लढणारा पैलवान जड जातोच. बॉक्सिंगचंही तसंच आहे. कोण कोणाला हरवून आला हे मी शेवटी बघतो. कोणाच्या अंगाला कोणाचा डाव लागतो, हे आधी.

दुसरी अट तारखेची. नुसतं ‘फ्रेझर’ म्हणून चालत नाही. ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीला पंधराव्या राऊंडमध्ये डाव्या हुकने (बाजूने वळसा घेऊन येणाऱ्या ठोशाने) खाली बसवणारा फ्रेझर २०५ पौंडांचा होता. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये फोरमनपुढे उभा राहिला तो २१४ पौंडांचा. मधल्या जवळपास दोन वर्षांत तो फक्त दोनदा लढला, तेही टेरी डॅनियल्स आणि रॉन स्टँडर या दुय्यम बॉक्सरांशी. अलीशी झालेल्या त्या पंधरा राऊंडांनी त्याच्या अंगातलं काहीतरी कायमचं नेलं, असं दोन्ही लढती लागोपाठ पाहिल्या की स्पष्ट दिसतं. किंग्स्टनमध्ये त्याचं डोकं तेवढं डोलत नाही आणि पाय सपाट पडतात. १९७१च्या फ्रेझरलाही फोरमन जड गेला असता, यात मला शंका नाही. मात्र दोन राऊंडांत सहा वेळा तो खाली गेला नसता.

आता फ्रेझर-नॉर्टन. ही जोड प्रत्यक्षात का लागली नाही, ते आधी समजून घ्या. नॉर्टन सुरुवातीच्या काळात फ्रेझरचा सराव-जोडीदार होता. दोघांनी एकमेकांचे ठोसे बंद दाराआड भरपूर खाल्लेले. शिवाय एडी फच हा ट्रेनर दोघांच्याही गोटात. १९७३ मध्ये अलीविरुद्ध नॉर्टनला तयार केलं फचनेच: अलीने जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) टाकला की मागे सरायचं नाही, त्याच क्षणी आपणही जॅब टाकायचा. फ्रेझरचा मूळ ट्रेनर यँक डरहॅम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला आणि फ्रेझरची धुरा फचकडे आली. १९७५ मध्ये मनिलात, अलीशी झालेल्या तिसऱ्या लढतीत, चौदाव्या राऊंडनंतर फ्रेझरला उठू न देणारा तो हाच माणूस. आपल्याच दोन मुलांना एकमेकांवर घालायला तो तयार झाला असता, असं मला वाटत नाही.

लढत झाली असती तर? नॉर्टनची शैली विचित्र होती. दोन्ही हात छातीसमोर आडवे, मागचा पाय ओढत पुढे सरकणं, आणि त्या आडव्या हातांखालून पोटात हुक किंवा वरून वळसा घेऊन येणारा उजवा. उंची सहा फूट तीन इंच, शरीर घोटीव. अलीसारख्या लांबून खेळणाऱ्याला हे कोडं सुटायला तीन लढती पुरल्या नाहीत. पण नॉर्टनच्या सगळ्या यंत्रणेला एक गोष्ट लागते: पुढे जायला मोकळी जागा. तो पुढे सरकत असतो तेव्हाच त्याचे ठोसे वजनदार असतात. त्याला मागे रेटलं की पाय एका रेषेत येतात, पाठ दोरांना लागते आणि आडवे हात नुसते आडवेच राहतात. फोरमनने हेच केलं. मार्च १९७९ मध्ये शेव्हर्सने पहिल्याच राऊंडमध्ये तेच केलं, आणि मे १९८१ मध्ये गेरी कूनीने चोपन्न सेकंदांत.

फ्रेझरचं तर आयुष्यच समोरच्याला मागे रेटण्यात गेलं. म्हणून बरेच जण पटकन म्हणतात, फ्रेझर, तीन राऊंडांत. इथे मी थांबतो. फोरमन, शेव्हर्स आणि कूनी हे तिघंही पहिल्या घंटेपासून पूर्ण ताकदीने मारणारे. फ्रेझर तसा नव्हता. त्याचं इंजिन तापायला तीन-चार राऊंड लागायचे आणि तोपर्यंत तो सापडायचा. सप्टेंबर १९६६ मध्ये ऑस्कर बोनाव्हेनाने त्याला दुसऱ्याच राऊंडमध्ये दोनदा पाडलं. न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या नियमाने त्याच राऊंडमध्ये तिसऱ्यांदा पडला असता तर लढत तिथेच थांबली असती. तो तगला आणि दहा राऊंडांनंतर विभागलेल्या निकालावर, म्हणजे तीनपैकी दोघांच्या कौलावर, जिंकलाही. बोनाव्हेनापेक्षा नॉर्टनचे हात लांब, आणि खाली वाकून आत येणाऱ्या माणसासाठी त्याच्याकडे उजवा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) होता. लॅरी होम्सविरुद्धच्या पंधराव्या राऊंडमध्ये तो अपरकट बघा. जून १९७८ची ती लढत नॉर्टन एका पंचाच्या एका गुणाने हरला, तरी त्या शेवटच्या तीन मिनिटांत दमलेल्या हातांनी तो जे करतो ते थक्क करणारं आहे.

म्हणून १९७१च्या फ्रेझरसाठी माझा अंदाज असा: पहिले चार राऊंड नॉर्टनचे, कदाचित एक नॉकडाऊनसुद्धा. पाचव्यापासून फ्रेझर त्याच्या छातीला चिकटतो. आडव्या गार्डला डाव्या हुकचं उत्तर नाही, कारण तो हुक समोरून येतच नाही, बाजूने येतो. आधी बरगडीत, मग त्याच हालचालीत जबड्यावर. नॉर्टन शूर होता, पडल्याशिवाय थांबला नसता. अकराव्या-बाराव्या राऊंडमध्ये रेफ्रीने मध्ये पडावं अशी ती लढत. आणि हीच जोड १९७६ मध्ये लावली तर निकाल उलटा. मनिलानंतरच्या फ्रेझरला नॉर्टनने सहा-सात राऊंडांत संपवलं असतं, आणि ते बघवलं नसतं.

फोरमन विरुद्ध शेव्हर्सबद्दल फार लिहीत नाही. शेव्हर्सच्या ७४ विजयांपैकी ६८ नॉकआऊट आहेत, पण डिसेंबर १९७३ मध्ये जेरी क्वारीने त्याला पहिल्या राऊंडमध्ये आणि सप्टेंबर १९७५ मध्ये रॉन लाईलने सहाव्या राऊंडमध्ये थांबवलं. लाईललाही शेव्हर्सने आधी पाडलं होतं. तोच लाईल पुढे जानेवारी १९७६ मध्ये फोरमनला चौथ्या राऊंडमध्ये दोनदा पाडतो आणि पाचव्यात स्वतः नॉकआऊट होतो. शेव्हर्सला एक स्वच्छ उजवा मिळाला असता तर फोरमन खाली गेला असता, पण फोरमन उठणारा माणूस होता आणि शेव्हर्सचा दम कमी. फोरमन, तिसऱ्या राऊंडपर्यंत. मला स्वतःला फोरमन-क्वारी बघायला जास्त आवडलं असतं. क्वारी दोरांपाशी थांबून उलट ठोसा मारण्यात पटाईत होता आणि सुरुवातीच्या फोरमनला उलट ठोसे मारणारे फारसे भेटलेच नव्हते.

राहिला अली. तुम्ही बंदीआधीचा म्हणता, म्हणजे नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राऊंडमध्ये संपवणारा आणि मार्च १९६७ मध्ये झोरा फॉलीला सातव्यात पाडणारा. त्यानंतर साडेतीन वर्षं गेली, ती पायांची सर्वोत्तम वर्षं होती. तरी फोरमनपुढे हा अली सहज जिंकला असता, हे मत मला पटत नाही. फोरमन दिसायला जड, पण समोरच्याची वाट अडवण्यात फार हुशार होता. अली कुठे निघालाय हे ओळखून तो एक पाऊल आडवं टाकायचा आणि रिंग अर्धी करून टाकायचा. किन्शासात पहिल्याच राऊंडमध्ये अलीला कळलं की फोरमनच्या एका पावलाला आपल्याला दोन टाकावी लागताहेत. म्हणूनच तो दोरांवर गेला. पंचवीस वर्षांच्या अलीला ती दोन पावलं पंधरा राऊंड परवडली असती. आणि फोरमन तोवर कधी दहा राऊंडांपलीकडे गेलाच नव्हता. किन्शासाआधीच्या त्याच्या तीन जागतिक किताबाच्या लढती मिळून पाच राऊंडसुद्धा झाल्या नव्हत्या. पहिले पाच राऊंड अलीने वादळात काढले असते, नवव्या-दहाव्यात फोरमनचे हात खाली आले असते आणि अकराव्यात रेफ्री मध्ये पडला असता.

तुम्ही विचारलेलं नाही, पण याच अलीची १९७१च्या फ्रेझरशी गाठ घालून बघा. मला यातली सर्वांत अवघड जोड तीच वाटते. १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हरलेला अली गंजलेला होता, असं म्हणून लोक मोकळे होतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण डावा हुक त्याला तरुणपणीही लागत होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये सॉनी बँक्सने त्याला डाव्या हुकनेच पाडलं. जून १९६३ मध्ये वेंब्लीत हेन्री कूपरने चौथ्या राऊंडच्या अखेरीस पाडलं, तेही डाव्या हुकनेच, आणि तेव्हा घंटेने त्याला हात दिला. कंबरेतून मागे झुकून ठोसा चुकवायची त्याची सवय सरळ येणाऱ्या ठोशांसाठी होती, वळसा घेऊन येणाऱ्यासाठी नव्हती. बँक्स आणि कूपर यांच्याकडे तो हुक एकदा होता. फ्रेझरकडे तो प्रत्येक राऊंडमध्ये वीस वेळा होता.

मी अली-फ्रेझरच्या तिन्ही लढती आवाज बंद करून, प्रत्येक राऊंडचे गुण वहीत मांडत पाहिल्या आहेत. त्यावरून माझा निकाल: अली, गुणांवर, पंधरापैकी नऊ राऊंड त्याचे. पण अकराव्या राऊंडच्या आसपास एकदा तो खाली बसलेला असेल, आणि रेफ्री मोजतो त्या दहा आकड्यांत काय होतं हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.