भाडेकरूनं घर सोडलंच नाही तर?

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट. काकू निवृत्त शिक्षिका, काका गेल्यावर मुलाकडे पुण्याला गेलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घर बंद, मेंटेनन्स मात्र चालू. मुलगा म्हणे भाड्यानं दे. तो विषय निघाला की काकूंची झोप उडायची.

"ताई, त्यानं घर सोडलंच नाही तर? शेजारचे म्हणतात, बारा वर्षं राहिला की घर त्याचंच."

ही भीती माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. 'उगाच काळजी करता' म्हणून ती झटकणं मला पटत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये नाममात्र भाड्यावर पिढ्यानपिढ्या राहिलेली बिऱ्हाडं काकूंनी लहानपणी पाहिली होती. भीती तिथून आलेली. आज फ्लॅट देताना होतो तो 'लिव्ह अँड लायसन्स' करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. परवानगीनं राहणाऱ्याला तो बारा वर्षांचा नियम लागत नाही. मुदत संपूनही तो हलला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट भाडंही.

हे संरक्षण हवं तर करार नीट हवा. अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायला कशाला, असं एजंटसुद्धा सांगतात. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. असा लेखी, नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर आधी भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. त्या खोट्या ठरवणं मालकाच्या अंगावर येतं. यापुढचं वकिलाला विचारा, असं मी काकूंना सांगितलं.

वकिलाकडून त्या वहीभर लिहून घेऊन आल्या. तरी पुढच्या महिन्यात तिसरं गिऱ्हाईक परत पाठवलं! पहिल्यांकडे कुत्रा होता, दुसरी अंबडच्या कंपनीत काम करणारी चार पोरं. तिसरं जोडपं मात्र दोघंही नोकरदार, साधं. त्यांच्यात काय खटकलं?

"ती ओट्याकडे बघून म्हणाली, इथे मिक्सर ठेवू."

मग मी भाडेकरूंचा विषय सोडला आणि विचारलं, घरातलं काय काय हलवणार? काहीच नाही, म्हणाल्या. मागच्या खोलीला कुलूप. आत काकांची पुस्तकं, कपाट, लग्नातली भांडी. देव आहेत तिथेच. शिवाय महिन्यातून एकदा स्वतःच्या किल्लीनं उघडून 'नुसतं बघून' जायचं. भाडं दोन बेडरूमचं, ताबा एकीचा. मी हसले, मग त्याही हसल्या.

पुढच्या भेटी सामानातच गेल्या. पुस्तकं काकांच्या मित्रानं नेली. भांडी भाचीकडे. देवांवर अडलं, शेवटी गुरुजींना विचारून देव पुण्याला नेले. तिथे सुनेनं आधीच कोनाडा रिकामा करून ठेवला होता, हे काकूंनी मला दोनदा सांगितलं. कागदपत्रांचं मुलानं पाहिलं: सोसायटीला पत्र, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, प्रत्येक खोलीचे फोटो, पंखे-गीझरची यादी करारासोबत, वीजमीटरचं रीडिंग. घरी यायचं तर आधी फोन करून, ही अट काकूंनी स्वतः करारात घालायला लावली.

साधं जोडपं तोवर पाथर्डी फाट्याला राहायला गेलं होतं. फ्लॅट एका बँकेतल्या कुटुंबाला दिला. भाडं वेळेवर येतं. काकू अजून फोन करतात, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं का म्हणून. मुलगा वैतागतो. त्याला मी सांगितलंय, आई फ्लॅटबद्दल बोलायला लागली की लगेच भाड्याचा हिशेब काढू नकोस.