वाचकांचे प्रश्न : आडवा फ्रीझर की उभा?

प्रश्न : आम्ही लहानसे उपाहारगृह सुरू करीत आहोत. विक्रेते आडवा डीप फ्रीझर सुचवतात, कारण तो स्वस्त पडतो. आमच्या आचाऱ्यांना मात्र उभा हवा आहे. त्यातच उरलेले सूप आणि सॉस गोठवता येतील का?

उत्तर : आचाऱ्यांचे ऐकावे. आडव्या फ्रीझरचे झाकण उघडले तरी थंड हवा जड असल्याने तळाशीच राहते, त्यामुळे वीज कमी लागते आणि वीज गेली तरी माल बराच वेळ टिकतो, हे खरे. पण ऐन गर्दीच्या वेळी कोपराने झाकण तोलून धरत, वरची पाकिटे उपसून तळाची पिशवी शोधणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या बचतीचे काय होते ते कळेल. शिवाय तळाशी गेलेला माल तिथेच जुना होतो. आडवा फ्रीझर कोठारात, दिवसातून एकदोनदाच उघडायच्या साठ्यासाठी उत्तम.

उभ्या फ्रीझरचे दार उघडताच थंड हवा खाली ओघळून बाहेर पडते आणि आत शिरलेल्या हवेतील बाष्प कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, बर्फ होऊन बसते. म्हणून पंख्याने हवा फिरवणारा, आपोआप डीफ्रॉस्ट होणारा, म्हणजे हा बर्फ स्वतःच वितळवणारा, फ्रीझरच घ्यावा. त्याचा हवामान वर्ग, म्हणजे भोवती किती उष्णता असताना तो नीट चालतो, हेही विचारावे, कारण वर्ग ४ ची चाचणी ३० अंश सेल्सिअसला, तर वर्ग ५ ची ४० अंशांना होते. शेगड्यांच्या खोलीत पहिला हमखास दमतो. कंडेन्सरवर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, तेलकट धूळ साचली की वर्ग ५ चाही निभाव लागत नाही, तेव्हा कंडेन्सर सहज पुसता येईल अशा जागी आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

आता सूप-सॉसचे. साधा फ्रीझर गोठलेला माल उणे १८ अंशांना राखण्यासाठी असतो. त्यात गरम पातेले ठेवले तर शेजारचा माल सैलावतो, आणि सूप सावकाश गोठल्याने त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होऊन त्यातल्या भाज्या पिलपिलीत होतात. रोजच मोठ्या प्रमाणावर गोठवायचे असेल, तर वेगळा ब्लास्ट फ्रीझर हवा. तो जोरदार थंड झोताने साधारण ४ तासांत पदार्थाचा गाभा उणे १८ अंशांवर आणतो. थोडेसेच उरत असेल, तर ते पसरट भांड्यांत उथळ ओतून, बर्फाच्या पाण्यात ठेवून पहिल्या २ तासांत ६० वरून २१ अंशांवर आणावे, पुढच्या ४ तासांत फ्रिजमध्ये ५ अंशांपर्यंत निववावे आणि मगच तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवावे.