नाशिक, नासिक आणि नाशकात

पंचवटीतल्या एका सोसायटीच्या पाटीवरून विचारणा आली आहे: 'नाशिक' लिहायचं की 'नासिक'? तिथल्या एका आजोबांचं म्हणणं, नाव नासिकेवरून पडलं, तेव्हा 'नासिक' हेच शुद्ध. हे 'शुद्ध' ऐकून ऐकून कान किटले आहेत. शूर्पणखेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो.

पुढे इकार आला की मराठी जीभ 'स'चा 'श' करते. वीस, पण विशी. म्हैस, पण म्हशी. दिवस, पण त्या दिवशी. हिंदीत मौसी, सींग, सीखना. आपल्याकडे मावशी, शिंग, शिकणं. नाशिक याच वाटेनं आलं. यात अशुद्ध काय आहे?

काही जाणकार लगेच पांडवलेण्यांकडे बोट दाखवतात. तिथल्या १९ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा लेख आहे आणि त्यात 'नासिककेन' असंच कोरलंय. कोरलंय ना! पण त्या प्राकृतात 'श' नाहीच. तिथेच पुढे श्रमणाचं 'समण' झालंय. मग श्रमणही 'समण' लिहा. (त्याच लेखात 'लेण' आहे, आपलं लेणं. तो शब्द वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.)

खरी गंमत आहे ती 'नाशकात' या रूपात. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असलं, तर सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीच्या रूपात, मधल्या ई-ऊच्या जागी अ येतो: बेरीज-बेरजेत, खारीक-खारकेत, लाकूड-लाकडात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला बधत नाहीत. 'नाविकाला'चं 'नावकाला' कुणी करत नाही. आणि लासलगावचा शेतकरी मात्र सहज "उद्या नाशकात काम आहे" म्हणतो. म्हणजे हा शब्द तद्भव, संस्कृतातून बदलत आलेला, पुरता मराठी. मग साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे गरीब, वकील यांच्यासारखं उपान्त्य, म्हणजे शेवटच्याच्या आधीचं, अक्षर दीर्घच हवं: नाशीक! मुद्रितशोधक पहिली वेलांटी सोडत नाहीत. कारण विचारावं तर "मूळ संस्कृत आहे". मूळ संस्कृतच धरायचं, तर 'श' कुठून आणलात? शिवाय गावांच्या नावांत संस्कृतचा ऱ्हस्व बाजूला ठेवायची सोय त्याच नियमांत आहे. संस्कृतात 'पुर', पण आपण लिहायचं नागपूर, सोलापूर.

पाटीवर 'श' हवाच. वेलांटी दुसरी दिलीत, तर मी तुमच्या बाजूनं आहे.